हरितगृहातील शेवाळ रोखा, नुकसान टाळा
गच्चीवरील व अंगणातील रोपवाटिका चालवणाऱ्यांसाठी आणि ती बांधून देणाऱ्या कारागिरांसाठी काही उपयुक्त माहिती

कमी भांडवलात, घरच्या माणसांच्या मदतीने आणि मुख्य धंदा सांभाळून करता येतील असे जोडधंदे फार थोडे आहेत. घरगुती हरितगृह हा त्यापैकी एक. गच्चीवर, अंगणात किंवा दुकानामागच्या मोकळ्या जागेत लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारायचा, त्यावर पॉलिथिन किंवा शेडनेट ताणायचे आणि आत मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपे, शोभेची झाडे, गुलाब-मोगऱ्याच्या कुंड्या तयार करून विकायच्या, असा हा सरळ व्यवसाय आहे. पुदिना आणि कोथिंबीर लावली तर हॉटेलवाले व बिर्याणीचे कारखानेवाले हे बारमाही गिऱ्हाईक मिळते. घरातील महिला व वडीलधारी मंडळीही हे काम सहज पाहू शकतात.

परंतु हा धंदा सुरू केलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यातच एका पाहुण्याची ओळख होते. हा पाहुणा म्हणजे शेवाळ. आधी जमिनीवर हिरवट डाग दिसतात, मग कुंडीतील मातीवर हिरवी साय धरते, टाकीच्या भिंती बुळबुळीत होतात, ठिबकच्या तोट्या बंद पडतात आणि शेवटी छताचे प्लॅस्टिकही हिरवे पडते. बहुतेक लोक याकडे "हिरवळच ती, काय बिघडते?" म्हणून काणाडोळा करतात. बिघडते ते धंद्याचे. म्हणून शेवाळ का येते, ते कसे थांबवावे आणि आलेले कसे काढावे, याची माहिती येथे देत आहोत.

शेवाळ म्हणजे काय?

शेवाळ ही अतिशय साध्या रचनेची वनस्पती आहे. तिला मूळ, खोड, पान, फूल यांपैकी काहीही नसते. तिचे सूक्ष्म कण हवेतून, पाण्यातून, मातीतून, चपलांना लागून आणि बाहेरून आणलेल्या रोपांबरोबर आत येतात. म्हणजे शेवाळाला दारातच अडवणे कोणालाही शक्य नाही. आपल्या हातात आहे ते एवढेच, की आत आल्यावर त्याला वाढायला जागा द्यायची नाही.

हरितगृहात दोन प्रकार नेहमी आढळतात. एक म्हणजे हिरवे शेवाळ, जे पाण्यात तंतूंसारखे किंवा हिरव्या गढूळपणासारखे दिसते. दुसरे निळे-हिरवे शेवाळ, जे ओल्या मातीवर व फरशीवर काळपट, चिकट थर धरते. शास्त्रज्ञ या दुसऱ्या प्रकाराला आता शेवाळ न मानता एक प्रकारचे जीवाणूच मानतात. पण शेतकरी व माळी यांच्या तोंडी ते शेवाळच आहे आणि दोन्हींवरचा इलाज बराचसा सारखाच आहे.

शेवाळ सर्वत्र शत्रूच असते असेही नाही. भाताच्या खाचरात निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र जमिनीत आणते, हे भारतीय शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले. तेव्हापासून भातशेतीत त्याचा जैविक खत म्हणून उपयोग होत आला आहे. परंतु भाताच्या खाचरातील मित्र रोपांच्या ट्रेमध्ये शिरला की तोच नुकसान करतो. जागा बदलली की मालाची किंमत बदलते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

नुकसान कसे होते?

शेवाळ रोपाला थेट खात नाही, म्हणून त्याचे नुकसान चटकन लक्षात येत नाही. ते पुढीलप्रमाणे होते.

मातीवर धरलेली शेवाळाची साय वाळली की तिचा पापुद्रा होतो. या पापुद्र्यावरून पाणी घरंगळून कुंडीच्या कडेने निघून जाते. वरून पाणी दिल्यासारखे वाटते, पण मुळापर्यंत ते पोहोचत नाही. मालक आणखी पाणी देतो, त्यामुळे शेवाळ आणखी वाढते. नुकत्याच उगवणाऱ्या बारीक बियांना तर हा थर फोडून वर येणेच जड जाते.

ओलसर शेवाळावर बारीक काळ्या माश्या जमतात. त्यातील एका जातीच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात. दुसऱ्या जातीच्या माश्या शेवाळच खातात, पण त्यांच्या विष्ठेचे काळे ठिपके पानांवर पडतात आणि माल पाहताच गिऱ्हाईक हात मागे घेते. शिवाय या माश्यांच्या पायांबरोबर मर रोगाची बुरशी एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये जाते.

छतावरील शेवाळ आणि धूळ प्रकाश अडवते. प्रकाश कमी पडला की रोपे उंच, लुळी आणि फिकट होतात. ठिबकच्या तोट्या बुजल्या की काही कुंड्यांना पाणी मिळते, काहींना मिळत नाही, आणि एकाच वेळी लावलेला माल एकसारखा तयार होत नाही.

सर्वांत गंभीर म्हणजे पाय घसरण्याचा धोका. हातात ट्रे घेऊन चालणारा माणूस गच्चीवर घसरला तर रोपांचे नुकसान हे त्यामानाने क्षुल्लकच ठरेल.

हिशेबाने पाहू. समजा आपल्याकडे ९८ खाचांचे ५० ट्रे आहेत. म्हणजे ४,९०० रोपे झाली. दर दहा रोपांमागे एक रोप गेले तर ४९० रोपे गेली. प्रत्येक रोपाचा भाव दोन रुपये धरला तर एका खेपेत ९८० रुपये बुडाले. वर्षातून अशा सहा खेपा काढल्या तर हा आकडा ५,८८० रुपयांवर जातो. शेवाळ रोखण्यासाठी लागणारे काळे कापड, टाकीचे झाकण आणि ब्लिचिंग पावडर यांचा खर्च लहान हरितगृहात याच्या आतच बसतो. प्रत्येकाने आपापल्या भावाप्रमाणे हा हिशेब मांडून पाहावा.

शेवाळ कशावर जगते?

शेवाळाला तीन गोष्टी लागतात : प्रकाश, ओल आणि खत. यांच्या जोडीला कोंदट, न हलणारी हवा असली की त्याचे चांगलेच फावते. या तिन्हीपैकी एक गोष्ट जरी काढून घेतली तरी शेवाळ वाढू शकत नाही. सगळ्या उपायांचे मूळ या एका वाक्यात आहे.

अडचण अशी, की याच तीन गोष्टी आपल्या रोपांनाही लागतात. म्हणून शहाणपण आहे ते वाटणीत. प्रकाश पानांना मिळाला पाहिजे, पाण्याला नको. ओल मुळांना मिळाली पाहिजे, फरशीला नको. खत झाडाला मिळाले पाहिजे, गटाराला नको.

सावली वाढवली की शेवाळ जाईल, हा समजही चुकीचा आहे. शेवाळाला रोपांपेक्षा खूप कमी प्रकाश पुरतो. जास्त दाट शेडनेट लावले तर रोपे आधी लुळी पडतील, आणि आतली ओल लवकर न सुकल्यामुळे शेवाळ उलट वाढेल.

बांधणीच्या वेळीच घ्यायची काळजी

हा भाग मुख्यतः वेल्डर, फॅब्रिकेटर, प्लंबर आणि गवंडी बांधवांसाठी आहे. शेवाळाच्या तक्रारींचे मूळ बऱ्याच वेळा बांधणीत असते. सांगाडा मजबूत झाला, पण आतले पाणी कुठे जाणार आणि हवा कुठून फिरणार याचा विचार झाला नाही, तर गिऱ्हाइकाला दरवर्षी त्रास होतो आणि कारागिराचे नाव खराब होते.

जमिनीला शंभर फुटांस निदान एक फूट उतार द्यावा. दहा फुटांच्या गच्चीवर हा उतार सव्वा इंचाच्या आसपास येतो. उताराच्या शेवटी पन्हळ काढून पाणी बाहेर न्यावे. मातीची जमीन असेल तर ती चोपून, त्यावर काळे विणलेले तणरोधक कापड अंथरून वर तीन-चार इंच खडी टाकावी. खडीतून पाणी खाली जाते, वरचा पृष्ठभाग सुकतो आणि पायही घसरत नाही. गच्चीवर वजनाचा प्रश्न असल्याने खडी टाकू नये. तेथे उतार आणि झाडू यांवरच भर द्यावा.

कुंड्या व ट्रे कधीही थेट जमिनीवर ठेवू नयेत. लोखंडी जाळीचे किंवा अँगलचे दोन-अडीच फूट उंचीचे मंच करून द्यावेत. खालून हवा खेळली की ट्रेचा तळ सुकतो. लाकडी फळ्या ओल धरून ठेवतात, म्हणून शक्यतो टाळाव्यात.

गरम, दमट हवा वर चढते. ती बाहेर जाण्यासाठी छताच्या माथ्याला झडप किंवा जाळीची फट असावी आणि दोन्ही बाजूंचे पडदे गुंडाळून वर घेता आले पाहिजेत. थंडीत रात्री प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरते आणि थेंब खाली पडत राहतात. छत सपाट ठेवण्याऐवजी कमानीसारखे किंवा उतरते केले तर हे थेंब कडेला ओघळून जातात. एक लहान पंखा हवा हलती ठेवण्यासाठी बसवला तरी बराच फरक पडतो. मात्र वीजजोडणी ओलीपासून सुरक्षित असावी व ती जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

पाणी झाकून ठेवा

उघड्या टाकीत शेवाळ येणार, हे ठरलेलेच. मशिदीच्या वुजूच्या उघड्या हौदाची देखभाल ज्यांनी केली आहे त्यांना हे चांगले ठाऊक आहे. हौदाचे पाणी नियमित उपसून भिंती घासल्या नाहीत तर काही दिवसांत ते हिरवे पडते, आणि त्याच पाण्याची बंद टाकी मात्र स्वच्छ राहते. फरक फक्त उजेडाचा.

आपल्या राज्यात या तत्त्वाचा एक जुना नमुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथे बांधलेली नहर-ए-अंबरी जमिनीखालून पाणी आणत असे. पुढे पाणचक्कीलाही अशाच भूमिगत नहरीतून पाणी मिळाले. जमिनीखालच्या बंद मार्गात ऊन पोहोचत नाही, आणि ऊन नाही तेथे शेवाळाला जगता येत नाही. आपल्या हरितगृहाची टाकी आणि नळ्या याच रीतीने अंधारात ठेवायच्या आहेत.

टाकी काळ्या रंगाची, घट्ट झाकणाची घ्यावी. पांढरी किंवा निळी पातळ प्लॅस्टिकची पिंपे वापरात असतील तर त्यांना बाहेरून काळा रंग द्यावा आणि त्यावर पांढरा हात मारावा. काळ्यामुळे उजेड अडतो, पांढऱ्यामुळे पाणी तापत नाही. सिमेंटच्या हौदावर पत्र्याचे झाकण करून घ्यावे. यामुळे डासही होत नाहीत.

नळ्यांचेही तसेच. पारदर्शक नळी दिसायला छान, पण तिच्या आत काही आठवड्यांतच हिरवा थर धरतो. पांढऱ्या पी.व्ही.सी. पाइपमधूनही थोडा उजेड आत जातो. म्हणून उन्हात येणारा पांढरा पाइप रंगवावा आणि ठिबकसाठी काळ्या नळ्याच वापराव्यात. उघड्या विहिरीचे किंवा शेततळ्याचे पाणी असेल तर आधी वाळूचा किंवा चकत्यांचा फिल्टर आणि त्यानंतर १२० मेशचा जाळीचा फिल्टर बसवावा. फक्त जाळीचा फिल्टर शेवाळाने लगेच तुंबतो.

पाणी केव्हा व किती द्यावे?

पाणी सकाळी द्यावे, म्हणजे दिवसभरात मातीचा वरचा थर सुकतो. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर वर राहते आणि शेवाळ व बुरशी दोघांनाही मेजवानी मिळते. दोन पाण्यांच्या मध्ये मातीचा वरचा थर कोरडा पडू द्यावा. ट्रे उचलून पाहण्याची सवय लावावी. जड लागला तर पाणी पुरेसे आहे, हलका लागला तर द्यायला हवे. घड्याळ पाहून पाणी देणाऱ्याकडे शेवाळ हमखास येते, कारण ढगाळ दिवशी झाडाला तेवढे पाणी लागतच नाही.

पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर हवाच इतकी दमट असते की पाणी निम्म्याहून कमी करावे लागते. फवाऱ्यापेक्षा ठिबक बरे आणि लहान कुंड्यांसाठी खालून थाळीत पाणी देण्याची पद्धतही चांगली, कारण तिच्यात वरचा थर कोरडा राहतो. थाळीत उरलेले पाणी मात्र अर्ध्या तासात ओतून टाकावे.

माती आणि खत

रोपांचे मिश्रण भुसभुशीत आणि निचऱ्याचे असावे. नुसते कोकोपीट पाणी फार धरून ठेवते, त्यात जाड वाळू किंवा परलाइट मिसळावे. मोठ्या कुंड्यांमध्ये मातीवर अर्धा इंच जाड वाळू, बारीक खडी किंवा भाताची तूस पसरावी. हा थर लवकर सुकतो आणि खालच्या ओल्या मातीला उजेड लागू देत नाही. बी पेरल्यावर ट्रेवर व्हर्मिक्युलाइटचा पातळ थर देण्यामागेही हाच हेतू असतो.

खताचा अतिरेक हे शेवाळाचे आवडते खाद्य आहे. विशेषतः नत्र आणि स्फुरद. युरिया किंवा डी.ए.पी. मातीवर भुरभुरण्याची सवय सोडावी. बी उगवून पहिली खरी पाने येईपर्यंत रोपाला वरून खत देण्याची गरजच नसते. पुढेही पातळ द्रावण करून, मुळाशी आणि मोजून द्यावे. खताचे पाणी मंचाखाली सांडत असेल तर तेथे दोन पैशांचे खत आणि चार पैशांचे शेवाळ असा उलटा व्यापार चालू आहे असे समजावे.

आलेले शेवाळ कसे काढावे?

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी खरवडणे, मग धुणे आणि शेवटी औषध. लोक उलट करतात. शेवाळाच्या जाड थरावर ब्लिचिंगचे पाणी ओतले तर त्याची ताकद वरच्या थरातच संपते आणि खालचे शेवाळ जिवंत राहते.

फरशी, मंच आणि रिकामे ट्रे यांसाठी ब्लिचिंग पावडर स्वस्त आणि परिणामकारक आहे. कोकणात पावसाळ्यात अंगणातील पायऱ्यांवर ती टाकतातच. तिचे प्रमाण असे काढावे. चांगल्या, ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणजे तीन ग्रॅम पावडरमध्ये एक ग्रॅम. फरशी व ट्रे यांसाठी अर्धा टक्का द्रावण लागते. दहा लिटर पाण्यासाठी ५० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १५० ग्रॅम पावडर. ती प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी वापरावे. दहा-पंधरा मिनिटे ओले ठेवून नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे. न धुतल्यास लोखंड गंजते. हे काम हरितगृह रिकामे असताना करावे, कारण पानांवर उडालेले थेंब पान जाळतात.

पावडर उघडी राहिली की तिची ताकद उतरते. म्हणून स्वस्त मिळते म्हणून मोठे पोते आणून ठेवू नये. लहान पुडा घ्यावा आणि घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सावलीत ठेवावा.

टाकी रिकामी करून घासावी. त्यानंतर साठवणुकीच्या पाण्यात शेवाळ रोखण्यासाठी हजार लिटरला दोन ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ६ ग्रॅम पावडर पुरते. याला दोन पीपीएम म्हणतात. बहुतेक रोपांना एवढे सहन होते, त्यापेक्षा जास्त देऊ नये. पाणी खारे व चुनखडीचे असेल, म्हणजे पी.एच. आठच्या वर असेल, तर क्लोरीनचा परिणाम कमी होतो. विदर्भ-मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर काम करणाऱ्यांनी पाणी एकदा तपासून घ्यावे.

छताच्या प्लॅस्टिकसाठी मात्र ब्लिचिंग वापरू नये. हरितगृहाचे पॉलिथिन उन्हात टिकावे म्हणून त्यात विशेष द्रव्य मिसळलेले असते आणि क्लोरीन व गंधक यांनी त्या द्रव्याची शक्ती कमी होते. महागाचा कागद वेळेआधी फाटतो. छत साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ झाडूने किंवा काठीला गुंडाळलेल्या कापडाने पुसावे. तारेचा ब्रश लावू नये. पावसाळा संपताच एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा अशी वर्षातून दोन वेळा सफाई पुरेशी होते.

कुंडीतील मातीवरचे शेवाळ चमच्याने अर्धा इंच मातीसह काढून टाकावे आणि तेथे कोरडी वाळू भरावी. केमिस्टकडे मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड रिकाम्या मंचावर तसेच वापरता येते. त्यातून शेवटी फक्त पाणी आणि प्राणवायू उरतो. झाड असलेल्या कुंडीत ते खूप पातळ करून, आधी चार कुंड्यांवर दोन-तीन दिवस पाहून मगच वापरावे.

ठिबकच्या नळ्या

ठिबकसाठी ब्लिचिंग पावडर नको, कारण तिच्यातील चुना तोट्यांत बसतो. येथे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरावे. १० टक्क्यांचे द्रावण असेल तर २०० लिटरच्या पिंपाला ४० मिलिलिटर टाकल्यास २० पीपीएम होते. तोट्या कुंड्यांबाहेर काढून हे पाणी नळ्यांत अर्धा तास उभे ठेवावे. मग नळ्यांची टोके उघडून साध्या पाण्याने घाण बाहेर पडेपर्यंत धुवावे. टोके उघडली नाहीत तर मेलेले शेवाळ तोट्यांतच अडकते आणि मेहनत फुकट जाते. फिल्टर दर आठवड्याला साफ करावा.

माश्यांचा बंदोबस्त

शेवाळ गेले की माश्या आपोआप कमी होतात. तोवर पिवळे चिकट सापळे ट्रेच्या अगदी वर टांगावेत. सापळ्यावर आज किती माश्या आल्या याची नोंद ठेवली तर आपला उपाय लागू पडतो की नाही हे कळते. मुळे कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी बी.टी.आय. हे जैविक औषध वापरतात, डासांच्या अळ्यांवरही हेच वापरले जाते. शेवाळ खाणाऱ्या माश्यांवर मात्र त्याचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी शेवाळ काढणे हाच इलाज.

जिवाला जपा

काही गोष्टी कधीही करू नयेत. ब्लिचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे अ‍ॅसिड एकत्र आणू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद हरितगृहात तो जीवघेणा ठरतो. फरशीवर नुसते अ‍ॅसिड ओतणेही वाईट, कारण ते सिमेंट खाते आणि गच्ची गळू लागते. अमोनिया असलेली सफाईची द्रव्ये किंवा युरियाचे पाणीही ब्लिचिंगमध्ये मिसळू नये.

मोरचूद शेवाळ मारतो हे खरे, परंतु तो माशांना विषारी आहे, जस्ताचा मुलामा दिलेले पिंप खातो आणि मातीत तांबे साठत जाते. पिण्याच्या किंवा गुरांच्या पाण्याशी संबंध असलेल्या टाकीत तो टाकू नये. कोणतेही औषध हाताळताना रबरी हातमोजे व चष्मा वापरावा, पडदे वर करून वारा खेळता ठेवावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. औषधाची बाटली सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची घातक सवय अनेक घरांत असते, ती ताबडतोब सोडावी.

कामाचे वेळापत्रक

रोज सकाळी पाणी दिल्यावर फरशीवरचे साचलेले पाणी खराट्याने लोटून काढावे आणि बाजूचे पडदे वर घ्यावेत. दर आठवड्याला फिल्टर धुवावा, गळक्या तोट्या बदलाव्यात, पिकलेली पाने व मेलेली रोपे उचलून बाहेर टाकावीत. दर महिन्याला टाकीत डोकावून पाहावे आणि नळ्यांची टोके उघडून पाणी सोडावे. प्रत्येक खेप विकून झाली की ट्रे व मंच धुऊन, उन्हात वाळवून मगच नवीन पेरणी करावी. कडक ऊन हे फुकटचे औषध आहे.

बाहेरून आणलेली रोपे आठवडाभर वेगळी ठेवावीत. मातीवर हिरवा थर असलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण त्याच्याबरोबर माश्या व बुरशी घरात येते.

कारागिरांना संधी

या विषयात केवळ रोपे विकणाऱ्याचाच फायदा आहे असे नाही. हरितगृहाची वार्षिक सफाई, छताचे प्लॅस्टिक बदलणे, शेडनेट शिवून देणे, टाक्यांना झाकणे करणे, ठिबक धुऊन देणे, जुन्या बांधणीत उतार व झडपा काढून देणे ही सगळी कामे हाताला हुन्नर असलेल्या माणसाची आहेत. जो फॅब्रिकेटर सांगाड्याबरोबर पाण्याचा निचरा आणि हवेची सोयही करून देईल, आणि सहा महिन्यांनी एकदा येऊन पाहून जाईल, त्याला पुढचे काम शोधत फिरावे लागणार नाही. गिऱ्हाईकच दुसरे गिऱ्हाईक आणून देईल.

ज्यांना अधिक शिकायचे आहे त्यांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे आपल्या राज्याची चार कृषी विद्यापीठे आहेत, तसेच पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे येथे हरितगृहाचे प्रशिक्षण दिले जाते. शिकून आलेला एक तरुण मोहल्ल्यातील दहा जणांना शिकवू शकतो.

हरितगृह उभारताना पाइप किती जाडीचा आणि कागद किती मायक्रॉनचा, यावर आपण भरपूर घासाघीस करतो. त्याच वेळी पाणी कुठून येणार, कुठे साठणार आणि कुठून बाहेर जाणार, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. त्यांची उत्तरे नीट मिळाली तर शेवाळाचा खर्च पुढे फारसा करावा लागणार नाही, आणि बाजारात आपल्या ट्रेकडे पाहून गिऱ्हाईक भाव करण्याआधी माल उचलेल.